परक्या अंगणात राहण्याच्या अटी

— द्वितीय वर्ष कला

यंदाच्या स्नेहसंमेलनातील वादविवाद स्पर्धेसाठी 'भारतीय तरुणांनी परदेशात स्थायिक व्हावे काय?' हा विषय होता. अनुकूल बाजूच्या वक्त्यांनी डॉलर मोजले, प्रतिकूल बाजूच्या वक्त्यांनी मातृभूमीचे ऋण मोजले, आणि टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या. परंतु परक्या मुलखात राहायचे म्हणजे कोणाच्या तरी अंगणात राहायचे. त्या अंगणाच्या धन्याने कोणत्या अटी घालाव्यात, येणाऱ्याने त्याला काय द्यावे आणि येणाऱ्याच्या पदरात काय पडावे, हा प्रश्न मात्र एकाही वक्त्याने हाती घेतला नाही. स्पर्धेत मी श्रोता होतो. जे तेथे ऐकायला मिळाले नाही ते येथे लिहावे, एवढाच या लेखाचा उद्देश.

हा प्रश्न मुंबईच्या विमानतळावरचा आहे, डहाणू-तलासरीचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. मला तर वाटते की या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आपल्याइतका क्वचितच कोणाला असेल. अच्छाड ओलांडले की गुजरात. १ मे १९६० रोजी ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. कालपर्यंत एका तालुक्यातली असलेली सोयरी माणसे दुसऱ्या दिवशी दोन राज्यांत वाटली गेली. उधव्याच्या पलीकडे दादरा-नगर हवेली. तिथे १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि दमणला तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. म्हणजे ज्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे अशा आपल्या आज्या-आजीच्या लहानपणी 'परदेश' हा पायी चालत जाण्याच्या अंतरावर होता. सरहद्द ही नकाशावरची रेघ असते हे आपण पुस्तकात वाचतो. आपल्या गावांनी ती रेघ हलताना पाहिली आहे.

परक्याला राहू देण्याची एक जुनी प्रसिद्ध कथाही आपल्याच शेजारची आहे. तलासरीहून थोड्या अंतरावर संजाण. इराण सोडून आलेले पारशी तेथे उतरले आणि जादी राणा नावाच्या राजाकडे त्यांनी आसरा मागितला, असे 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात सांगितले आहे. राजाने पाच अटी घातल्या: आपला धर्म काय आहे ते समजावून सांगा, येथील भाषा बोला, तुमच्या स्त्रियांनी येथील वेष घ्यावा, शस्त्रे खाली ठेवा, आणि लग्नाच्या वराती सांजवेळी काढा. दुधात साखर विरघळल्याची गोष्ट सर्वांना पाठ असते, पण ती किस्स्यात नाही. ती मागाहून लोकांच्या तोंडी रुळली. शिवाय हा किस्सा इ.स. १६०० च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिला गेला, तेव्हा त्यातील प्रत्येक शब्द इतिहास म्हणून घेता येणार नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या पाच अटींत धनाची अट एकही नाही. 'किती सोने आणलेत?' असे राजाने विचारल्याचे किस्साकार सांगत नाही. आमच्याशी कोणत्या भाषेत बोलाल आणि शस्त्र उगाराल काय, हे त्याने विचारले. वेषाची अट आज आपण कोणावर घालणार नाही, घालूही नये. पण भाषेची आणि शस्त्राची अट आजही मला रास्त वाटते.

याच संजाणची दुसरी साक्ष अधिक पक्की आहे, कारण ती तांब्यावर कोरलेली आहे. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सापडले. त्यांपैकी शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट सांगतो की राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संयान मंडळाचा कारभार मधुमती सुगतिप नावाच्या एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, सोपवला होता. मधुमती म्हणजे महंमद, असे विद्वान मानतात. या परक्या अधिकाऱ्याने नदी ओलांडण्यासाठी लोकांना फुकट नाव ठेवली, अन्नछत्र घातले, एका मठाच्या दानाला मान्यता दिली. हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर परका माणूस केवळ राहत नव्हता, तो कारभार करीत होता; आणि नोंद राहिली आहे ती त्याच्या संपत्तीची नव्हे, त्याने वाहत्या पाण्यात ठेवलेल्या नावेची.

तिसरे उदाहरण तर आपल्या रोजच्या पाहण्यातले. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या. या वाड्या उभ्या करण्यात ज्या इराणी कुटुंबांचा मोठा वाटा आहे, त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी याझ्द आणि केरमानकडून आले. ते का आले याचे एक कारण कराशी निगडित आहे. स्वतःच्याच देशात झरथुष्ट्री प्रजेला जिझिया द्यावा लागे. पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत राहूनही कराच्या वहीत ते वेगळे. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवले, त्यांनी कित्येक वर्षे खटपट केली, तेव्हा १८८२ साली इराणच्या शहाने तो कर रद्द केला. कराचे नियम माणसाला घरातल्या घरात परका करू शकतात, हा धडा यातून मिळतो. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. परदेशातून आलेल्या माणसांची मेहनत आज आपल्या तालुक्याचे नाव झाली आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

येथवर सारे गोड झाले. आता जे या गोष्टींत नसते ते सांगतो.

संजाणच्या कथेत राजा आहे, पाहुणे आहेत, धर्मगुरू आहेत. वारली नाहीत. ताम्रपटात राजा आहे, अधिकारी आहे, मठ आहे. वारली नाहीत. वाड्यांच्या गोष्टीत आम्ही आहोत, पण मजूर म्हणून. ज्या जमिनीवर कोणाला राहू द्यायचे याचा करार होत होता, त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्याला कोणी विचारल्याची नोंद नाही. इंग्रजी अमदानीत तर कागद आला, स्टॅम्प आला, कोर्ट आले, आणि ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या जमिनी अक्षर येणाऱ्यांच्या नावावर गेल्या. नाना जातींचे, नाना धर्मांचे जमीनदार आणि सावकार येथे झाले. त्यांत बाहेरून आलेलेही होते आणि शेजारचेही होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघे राबायला बांधले जात. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. मे १९४५ मध्ये झरीला सभा झाली, १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, आणि तेव्हा कुठे वेठीच्या साखळ्या तुटू लागल्या. पुढे १९७४ साली महाराष्ट्र सरकारने आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाण्यास आळा घालणारे आणि गेलेल्या जमिनी परत देण्यासंबंधीचे कायदे केले.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की, परक्यांच्या वास्तव्याचा विचार करताना आपण नेहमी दोनच माणसे धरतो, येणारा आणि येऊ देणारा सरकारी अधिकारी. तिसरा माणूस, जो आधीपासून तेथे आहे आणि ज्याच्या हाती शिक्का नाही, तो हिशेबातून सुटतो. आजच्या जगातील निवास-परवान्यांकडे मी या तिसऱ्या माणसाच्या बाजूने पाहणार आहे.

आज अनेक देश परक्यांना दीर्घ मुदतीचे निवास-परवाने देतात, आणि त्यांतले काही तर उघड उघड पैशाच्या बदल्यात देतात. त्यांना 'गोल्डन व्हिसा' असे नाव पडले आहे. पोर्तुगालने २०१२ साली ही योजना सुरू केली. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून पाच-दहा वर्षांचे परवाने द्यायला प्रारंभ केला; २० लाख दिरहमची मालमत्ता घेणाऱ्यालाही तो मिळतो. थायलंडने २०२२ साली दहा वर्षांचा परवाना काढला. त्यात सधन निवृत्तांसाठी वेगळा रकाना आहे. आपल्या देशानेही ऑगस्ट २०१६ मध्ये अशीच एक योजना मंजूर केली: परदेशी गुंतवणूकदाराने अठरा महिन्यांत १० कोटी किंवा छत्तीस महिन्यांत २५ कोटी रुपये गुंतवावेत आणि दरवर्षी निदान २० भारतीयांना रोजगार द्यावा, म्हणजे त्याला दहा वर्षांचा निवास मिळेल व राहण्यापुरते एक घर घेता येईल. इतर देशांच्या मानाने आपली अट मला बरी वाटते, कारण तिच्यात पैशाच्या जोडीला माणसांच्या हाताला काम देण्याचे कलम आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निवासाचा परवाना आणि कराचा रहिवास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परवाना म्हणजे दाराची किल्ली. कराचा रहिवास म्हणजे दिवसांची मोजणी. आपल्या प्राप्तिकर कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात १८२ वा त्याहून अधिक दिवस जो भारतात राहतो तो येथील रहिवासी, मग त्याचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. (आणखी एक-दोन कसोट्या आहेत, पण मुख्य ही.) १९६१ च्या कायद्यातील ही मोजणी २०२५ च्या नव्या कायद्यातही राहिली आहे. सामान्यतः रहिवाशाला जगभरच्या उत्पन्नावर कर, आणि अ-रहिवाशाला फक्त भारतात झालेल्या उत्पन्नावर. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी दोनदा कर घेऊ नये म्हणून देशादेशांत करार असतात. अमेरिकेचा नियम आणखी कडक: तेथील नागरिक आणि ग्रीन कार्डवाला जगात कोठेही राहो, त्याला जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेला द्यावाच लागतो. परदेशी जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या मित्रांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? दाराची किल्ली मिळाली म्हणून पेढे वाटले जातात. दिवसांची वही कोणी ठेवत नाही.

आता खरा घोळ येथे होतो. किल्ली देणाऱ्या देशांनी धनिकांना ओढण्यासाठी कराचीही सूट देऊ केली. पोर्तुगालने २००९ साली नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी दहा वर्षांची खास करपद्धती काढली. तेथील स्थानिकाला वरच्या उत्पन्नावर ४८ टक्क्यांपर्यंत कर, पण नव्याने आलेल्या ठराविक पेशांच्या लोकांना सरसकट २० टक्के. आणि बाहेरून येणाऱ्या निवृत्तिवेतनावर २०२० पर्यंत काहीच नाही, पुढे १० टक्के. परिणाम काय झाला? ज्या फिनलंड व स्वीडनने आपल्या नागरिकांना शाळा दिली, दवाखाने दिले, पेन्शन दिले, त्यांचेच पेन्शनर समुद्रकाठी जाऊन कोठेच कर भरीनासे झाले. फिनलंडने पोर्तुगालशी असलेला करार मोडला, २०१९ पासून. मागोमाग स्वीडननेही, २०२२ पासून. इकडे लिस्बनमध्ये घरभाडी इतकी चढली की तेथील शिक्षक आणि परिचारिकांना शहरात घर परवडेना. सरकारला २०२३ मध्ये घर-खरेदीवर परवाना देणे बंद करावे लागले आणि ती करपद्धतीही २०२४ पासून नव्यांसाठी आटोपती घ्यावी लागली. ब्रिटनने गुंतवणूकदारांचा व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला, स्पेनने आपली योजना एप्रिल २०२५ मध्ये, आणि त्याच महिन्यात युरोपीय न्यायालयाने माल्टाला बजावले की नागरिकत्व हा विकण्याचा माल नव्हे.

तिसऱ्या माणसाने, म्हणजे लिस्बनच्या भाडेकरूने, आरडाओरडा केला तेव्हा दारे मिटली. त्याच्या हाती मत होते. आमच्या पूर्वजांच्या हाती तेही नव्हते.

या सोन्याच्या दाराशेजारी दुसरेही एक दार आहे, आणि बहुसंख्य भारतीय त्यातूनच जातात. आखाती देशांत मजुराचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. मालक सुटला की परवाना सुटला. तेथे वीस वर्षे घाम गाळूनही बहुतेकांना ते अंगण आपले म्हणता येत नाही. आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली अशी व्यवस्था झाली की दहावी उत्तीर्ण नसलेल्याने आखातासारख्या ठराविक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी. मात्र तो प्राप्तिकर भरीत असेल तर त्याला ती अट नाही. या नियमामागचा हेतू मजुराच्या रक्षणाचा आहे, त्याला मी नावे ठेवीत नाही. पण त्याचा अर्थ उलगडून पाहा: आपल्याच देशाच्या पासपोर्टावर दोन प्रकारची माणसे. एक शिकलेला किंवा कर भरणारा, दुसरा तपासून सोडण्याचा. आमच्या घरात दहावीची पायरी ओलांडणारा मी पहिला. माझ्या वडिलांनी चौथीत शाळा सोडली. ते पासपोर्ट काढतील तर दुसऱ्या प्रकारात मोडतील.

त्यांनी पासपोर्ट काढलेला नाही, कारण त्यांचा परदेश पासपोर्टावाचूनचा आहे. बाबा खलाशी आहेत. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे ते गुजरातच्या बंदरावर बोटीवर चढतात आणि मे महिन्याच्या अखेरीस घरी येतात. डहाणू-तलासरीच्या कित्येक घरांतून असेच आहे. हिशेब करा: वर्षाचे निदान नऊ महिने, म्हणजे २७० दिवस. १८२ दिवसांची कसोटी राज्याराज्यांत लावली असती तर माझे बाबा केव्हाच गुजरातचे रहिवासी ठरले असते. प्रत्यक्षात बंदरावर ते 'बाहेरचे', आणि गावात, सगळ्या सभा-योजना त्यांच्या गैरहजेरीत उरकल्यामुळे, 'नसलेले'. मोसमाच्या अखेरीस मालक घेतलेली उचल वजा करून हातावर जे ठेवील तो पगार; एका मोसमात तर उचलीचा आकडा आम्ही लिहिला होता त्याहून मोठा निघाला, आणि बोलून दाद लागली नाही, कारण तेथे आपला म्हणावा असा कोणी नव्हता. निवास म्हणजे निव्वळ छप्पर नव्हे. आपले म्हणणे ऐकून घेणारे कोणीतरी असणे म्हणजे निवास.

आणि समुद्रात तर रेघही दिसत नाही. गुजरातच्या बोटी वाऱ्याने, प्रवाहाने वा माशांच्या मागे जाता जाता हद्दीपलीकडे गेल्या की पाकिस्तानी सागरी दल त्यांना पकडते. त्या बोटींवर आपल्या जिल्ह्याचे खलाशी असतात, आणि ते कराचीच्या मालीर तुरुंगात जातात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. कैद्याची शिक्षा काही महिन्यांत संपते, पण तो भारतीय आहे हे कागदोपत्री ठरेपर्यंत तो आतच राहतो. मित्रहो, 'परदेशी नागरिक' हा शब्द दुबईत वीस लाख दिरहमचे घर घेणाऱ्याला लागतो, तोच मालीरमधल्या वारली पोरालाही लागतो. एकाला दहा वर्षे राहण्याची मुभा, दुसऱ्याला घरी परतण्याचीही नाही. जग लहान झाले असे म्हणतात. ते कोणासाठी लहान झाले, हे विचारले पाहिजे.

दमणच्या लोकांची तऱ्हा आणखी निराळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. या वाटेने दमण-दीवची कित्येक कुटुंबे ब्रिटनला, लेस्टरसारख्या शहरांत, जाऊन राहिली; ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले तेव्हा ती सोपी वाट बंद झाली. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते; मग स्वतःच्या गावी यायलाही व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते, मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. त्यांना देशद्रोही म्हणणारे वक्ते मी ऐकले. मला तसे वाटत नाही. पोटासाठी आणि मुलांसाठी माणूस घर बदलतो. आमचे लोक दर साल बदलतात. पण सौदा काय झाला हे ज्याचे त्याला कळले पाहिजे.

दुसरी बाजू मांडल्याशिवाय हा विचार एकांगी होईल. परक्याला सवलत देणे सर्वस्वी वाईट, असे मी म्हणत नाही. लहान देशाजवळ ना तेल ना कारखाने, मग समुद्र आणि ऊन हेच त्याचे भांडवल. त्याने ते का वापरू नये? बाहेरचा माणूस नवे कसब आणतो. आपल्या चिकूच्या वाड्या हा त्याचाच पुरावा. शिवाय अन्याय नेहमी परकाच करतो असेही नाही; पुष्कळदा तो परक्यावर होतो. अमेरिकेत नोकरी करणारा भारतीय तेथील सामाजिक सुरक्षेचा कर भरतो. पण दोन देशांत त्याविषयी करार नसल्यामुळे दहा वर्षे पुरी होण्याआधी परतला तर त्याला त्यातून पेन्शन मिळत नाही. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला व कामगाराला करांखेरीज आरोग्यसेवेचा वेगळा आकार आधीच भरावा लागतो. कर घ्यायचा पण त्याचे फळ द्यायचे नाही, हे जिझियाचेच सभ्य रूप म्हटले पाहिजे.

मग न्याय्य अटी कोणत्या? माझ्या अल्पमतीला सुचलेल्या चार अशा.

पहिली, परवाना पैशाच्या मोलाने देऊ नये, कामाच्या आणि वर्तनाच्या मोलाने द्यावा. किती आणले यापेक्षा येथे राहून काय केले, हा प्रश्न विचारावा.

दुसरी, जो ज्या अंगणात वर्षातले बहुतेक दिवस राहतो त्याने शेजाऱ्याइतकाच कर द्यावा, कमीही नको आणि जास्तही नको. आणि ज्याने शेजाऱ्याइतका कर दिला त्याला दवाखाना, शाळा आणि म्हातारपणची भाकरी शेजाऱ्याइतकीच मिळावी.

तिसरी, येणाऱ्याने भाषा शिकावी. भाषा शिकणे म्हणजे समोरच्याला माणूस म्हणून मान देणे. वाडीवर, बंदरावर, कारखान्यात आमची भाषा कळणारा साहेब आणि न कळणारा साहेब यांत काय अंतर असते, ते ज्याने भोगले त्याला सांगायला नको.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी, जमिनीचा शेवटचा शब्द आधीपासून राहणाऱ्याचा असावा. हे काही मी नवे सांगत नाही. आपल्या संविधानाच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी या हक्कावर वाजवी बंधने घालता येतील. ज्यांनी हे लिहिले त्यांना तिसरा माणूस दिसला होता. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. अधिकार कागदावर आहे. तो वापरायला गावात माणसे हजर लागतात, आणि आमची अर्धी माणसे बोटीवर, वीटभट्टीवर किंवा उंबरगावच्या कारखान्यांत असतात.

हा विचार आजच करण्याची निकड आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याचा खर्च ७६,२२० कोटी रुपये सांगितला गेला आहे. किनाऱ्यावरच्या मच्छिमारांचा त्याला विरोध आहे, त्याची चर्चा वेगळी करावी लागेल. पण बंदर म्हटले की माणसे येणारच: अभियंते, ठेकेदार, दुकानदार, बिहार-ओडिशाचे मजूर, आणि उद्या परदेशी कंपन्यांचे अधिकारीही. त्यांपैकी कोणाचाही मी द्वेष करीत नाही. बाहेरगावी मजुरी करणाऱ्या बापाचा मुलगा बाहेरून आलेल्या मजुराचा द्वेष करील तर त्याच्यासारखा करंटा तोच. मात्र जादी राणाच्या जागी या वेळी कोण बसणार, हा प्रश्न आहे. अटी मुंबई-दिल्लीत ठरतील आणि आपण पुन्हा गोष्टीच्या बाहेर राहू, की ग्रामसभेत बसून आपल्या अटी आपण सांगू?

त्यासाठी आधी आपला हिशेब आपल्याजवळ हवा. म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थी मित्रांना माझी एक नम्र सूचना आहे. दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर भरते. आपण रस्ता झाडतो, बंधारा बांधतो, गाणी म्हणतो. पुढच्या शिबिरात अर्थशास्त्र आणि इतिहास विभागांनी मिळून एका पाड्याची वही करावी. घरोघर जाऊन लिहावे: या घरातले कोण, कोठे, वर्षातले किती दिवस जाते, तेथे त्याला कोणता कागद मिळतो, उचल किती, फेड किती, रेशन कोठे, मत कोठे, ग्रामसभेच्या दिवशी तो कोठे होता, आणि घराच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे. १८२ दिवसांची मोजणी श्रीमंतांसाठी सरकार करते. आपल्या माणसांच्या दिवसांची मोजणी करायला आपल्याजवळ चाळीस-पन्नास विद्यार्थी आणि शंभर पानी वह्या आहेत. पहिल्या वहीसाठी आमच्या पाड्याचे नाव मी आताच देऊन ठेवतो.